शेवटच्या घराची जागा

मृणालिनी सुर्वेच्या फेरीत भूत नव्हतं. लोक विचारायचे. रविवारी सकाळी साडेआठला उत्तनच्या बसमधून दहा-बारा माणसं उतरायची, डोक्यावर टोप्या, हातात मोबाईल, आणि त्यातला एक जण हमखास म्हणायचा, "मॅडम, इथे काही हॉन्टेड वगैरे?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "भूत नाही, पाव आहे. गरम आहे तोवर चला."

सत्तावीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा बरं, म्हणून तिने उत्तनची ही जुनी पाखाडी, म्हणजे गल्ली, शोधून काढली. पाखाडी तिथे होतीच म्हणा, ती राहायची त्या जेसल पार्कच्या माणसाला ठाऊक नव्हती इतकंच. क्रूसाची पाखाडी. एका टोकाला चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये तिच्या पावलांनी तीनशे बारा पावलं. दोन्ही बाजूंना लाकडी ओट्यांची घरं आणि पुढच्या खोल्यांत दुकानं. क्लेअरच्या शिवणाच्या दुकानात लग्नाचे पांढरे झगे छताला टांगलेले असत. कॉलिनने आजोबांच्या जाळी ठेवायच्या कोठीत स्वतःची चित्रं मांडली होती, आणि पाऊस पडला की त्या चित्रांना अजून सुकटीचा वास यायचा. एक जण बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. डॉरिसची तीन टेबलांची खाणावळ होती आणि तिला लागून तिच्या थोरल्या भावाची, गॅब्रियलची, लाकडाच्या भट्टीची बेकरी.

मृणालिनी सगळं वहीत टिपायची. कुठलं घर कधीचं, कुणाच्या दाराला कुठला रंग. पडताळल्याशिवाय एक वाक्य फेरीत सांगायची नाही. सप्टेंबरात तिने वहीच्या जोडपानावर आख्ख्या गल्लीचा नकाशा पेन्सिलीने काढला, तेव्हा कॉलिन म्हणाला होता, "मॅडम, गल्लीतल्या लोकांनाही एवढी गल्ली ठाऊक नाही." ती त्या दिवशी घरी जाईपर्यंत खुशीत होती.

कारण खरी गोष्ट अशी होती की तिला गाव नव्हतं. गिरगावातली चाळ पाडून तिथे टॉवर झाला होता. नवऱ्याचं, ईश्वरचं, गाव संगमेश्वराकडचं, तिथे ती पाहुणी. जेसल पार्कला बावीस वर्षं झाली, पण तिथे सगळेच कुठून तरी आलेले. "तुमचं गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की ती थोडी अडखळायची. दुरून डोंगर साजरे हे तिला कळत होतं, तरी पाखाडीतल्या लोकांचा तिला हेवा वाटायचा. त्यांना कुणी असलं काही विचारत नसे.

बेकरीच्या भिंतीवर सदतीस खिळे होते आणि प्रत्येकावर पत्र्याचा एक बिल्ला. नाताळाच्या तीन दिवस आधी पाखाडीतलं प्रत्येक घर आपापल्या केकचा ट्रे गॅब्रियलच्या भट्टीत भाजायला आणायचं. ट्रे सगळे सारखे दिसतात, म्हणून घरागणिक बिल्ला. कुणाचा मासा, कुणाची किल्ली, कुणाची नुसती रेघ. खिळ्यावरून उतरवायचा, ट्रेच्या कडेला अडकवायचा, संध्याकाळी पुन्हा टांगायचा. मृणालिनीच्या फेरीतला हा सगळ्यात लाडका थांबा होता.

शेवटच्या खिळ्यावरच्या बिल्ल्याला तीन भोकं होती आणि तो गंजून काळा पडला होता.

"हा कुणाचा?" तिने पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"शेवटल्या घरचा," गॅब्रियल म्हणाला. सत्तरीचा माणूस, पिठाने भुवया पांढऱ्या. "भट्टीत डाव्या हाताला त्यांची जागा हाय. रिकामी ठेवतो."

"पण शेवटचं घर तर वाद्यवाल्यांचं. त्यापुढे जांभळाचं झाड आणि समुद्र."

"व्हय."

"मग ते लोक कोण होते? गेले कुठे?"

"न्हाय म्हायती. माजा बापूस ठेवायचा, मी ठेवतो."

यावर गप्प बसणारी ती नव्हती. तिने जुने नकाशे पाहिले, चर्चमधल्या वयस्कर फादरांना गाठलं, नव्वदीच्या दोन बायकांशी बोलली. त्या जागी घर असल्याची नोंद कुठेच नव्हती आणि आठवण कुणालाच नव्हती. जांभळाखाली जोत्याचा एक दगडही सापडला नाही. तिने वहीत लिहिलं, 'शेवटचं घर: पुरावा नाही', आणि नकाशात तिथे मोकळी जागा सोडून झाड काढलं.

डिसेंबर आला तेव्हा तिने डॉरिसला सहज विचारलं, मी पण एक ट्रे आणू का भाजायला?

"आणो ना मॅडम," डॉरिस म्हणाली. परक्यांशी तिचं अर्धं बोलणं हिंदीत असायचं. "पर नाम की चिठ्ठी लगाना. तुमचा बिल्ला न्हाय ना."

हौसेला मोल नसतं. मृणालिनीने आदल्या रात्री रवा, अंडी, नारळाचं दूध घालून मिश्रण भिजवलं. ईश्वर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आपल्याकडे केक म्हणजे क्षितिजाच्या वाढदिवसाला दुकानातून येतो तो. हे काय नवीन?" क्षितिजा ही त्यांची एकुलती मुलगी, सव्वीस वर्षांची, गोरेगावला एका आर्किटेक्टकडे नोकरीला. तिने बोटाने मिश्रण चाखलं आणि आईच्या गालाला लावलं. तिघांनी चहा घेतला. ईश्वर आणि क्षितिजाचा नेहमीचा, मृणालिनीचा बिनसाखरेचा, आलं जास्त. रात्रीचा चहा तिघांनी एका टेबलावर प्यायचा हा त्या घराचा नेम होता, कितीही उशीर झाला तरी.

दुसऱ्या दिवशी बेकरीत ही गर्दी. बायका ट्रे डोक्यावर घेऊन येत होत्या, बिल्ले उतरवत होत्या, एकमेकींच्या केकला नावं ठेवत होत्या. गॅब्रियल भट्टीच्या तोंडाशी पाठमोरा उभा होता. मृणालिनीने पर्समधून चिठ्ठी काढली. नाव व्यवस्थित लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी हातात धरून ती भिंतीपाशी उभी राहिली. छत्तीस खिळे रिकामे होते आणि एकावर बिल्ला होता.

तिने कुणाला विचारलं नाही. पुढे स्वतःशी तिने हे अनेकदा कबूल केलं. चिठ्ठी लावून काम भागलं असतं, पण सगळ्यांच्या ट्रेला बिल्ला आणि आपल्याच ट्रेला कागद, हे तिला बघवलं नाही. संध्याकाळी परत टांगू, असं म्हणून तिने तीन भोकांचा बिल्ला उतरवला, पदराने पुसला आणि ट्रेला अडकवला. एक पोरगेलीशी सून ट्रे पुढे देत होती. तिने तो घेतला.

ट्रे लांब दांड्याच्या फळीवर चढला. गॅब्रियलने तो आत ढकलला, आणि डाव्या हाताच्या जागेत सोडताना त्याला बिल्ला दिसला. तो तसाच वाकलेला राहिला.

"कुनी लावला ह्यो?"

"मी," मृणालिनी म्हणाली. "रिकामाच होता ना. संध्याकाळी टांगते परत."

बेकरीतलं बोलणं थांबलं नव्हतं, हे तिला नंतरही नीट आठवत होतं. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. गॅब्रियलने फक्त फळी बाहेर ओढून भिंतीला टेकवली.

"खिळ्यावरून काडलेला परत लावता येतो," तो हळू म्हणाला. "भट्टीत गेलेला न्हाय."

संध्याकाळी केक बाहेर आला, छान फुगलेला, कडेला किंचित करपलेला. तिने बिल्ला खिळ्याला टांगला. तो टांगला गेला, काही झालं नाही. डॉरिसने केक जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला.

"घरी ने ग," ती म्हणाली.

ते 'ग' ऐकून मृणालिनीला बसमध्ये बसेपर्यंत हसू येत होतं.

जानेवारीतल्या पहिल्या फेरीला ती आली तेव्हा डॉरिसने तिला हिंदीत विचारलंच नाही. "चा घे. हातपाय धुतलंस?" म्हणत पुढ्यात पिठाचे तळलेले गोल फुगे आणि बाटलीतल्या मसाल्याचं मटण ठेवलं. क्लेअरने तिला दारातून हाक मारून एक पोलकं दिलं. मापात बसलं. "माप कधी घेतलंस?" असं मृणालिनीने विचारलं तर क्लेअर म्हणाली, "तुजा माप काय घ्यायाचा?" क्रूसाशी ऊन खात बसलेली एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "तुजे आयचा आवाज हाय तुला." मृणालिनीची आई जन्मात उत्तनला आली नव्हती. पण प्रेमाने कुणी असं बोललं तर वाद कशाला घालायचा? उलट तिचे डोळे भरून आले.

त्या दिवशी घरी परतताना सोसायटीच्या वॉचमनने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. "नाव लिहा. कुणाकडे?"

"अरे, मी. बी विंग. सुर्वे."

बारा वर्षं तो त्याच खुर्चीत बसत होता. तिच्याकडे पाहून तो अदबीने म्हणाला, "हां, सुर्वे साहेबांकडे. वेळ पण टाका." चेष्टा करतोय असं समजून तिने सही केली.

वर गेली तर ईश्वरने चहाचे दोन कप काढले होते. "अरे, तू आहेस," तो म्हणाला आणि ओशाळून तिसरा काढला. पुढच्या आठवड्यात क्षितिजाचा 'पोचले' असा रोजचा मेसेज आईला आला नाही, बाबाला आला. मृणालिनीने विचारलं तर ती गोंधळली. "तुला पाठवते ना मी? रोज?" म्हणाली, आणि मोबाईलमध्ये बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. ईश्वर कपाट आवरताना तिच्या साड्यांची एक चळत हातात घेऊन उभा होता. त्या कुठे ठेवायच्या ते त्याला सुचत नव्हतं.

मृणालिनी घाबरली, पण तिच्या पद्धतीने. तारीखवार टिपण केलं. नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला दिवस, महिना, मुलीचं नाव विचारलं. सगळं बरोबर आलं. मग त्यांनी विचारलं, "आणि या?" ईश्वरने तिच्याकडे पाहिलं आणि तो जरासा थांबला. "मिसेस," म्हणाला. तेवढं थांबणं तिने वहीत लिहिलं नाही.

त्याच रात्री तिने वही पहिल्यापासून चाळली. जोडपानावर सप्टेंबरातला नकाशा होता. क्रूस, क्लेअर, कोठी, बेकरी, वाद्यवाला, जांभळाचं झाड. झाडाखाली घर होतं.

कौलारू, लाकडी ओट्याचं, दोन खिडक्यांचं. पेन्सिल तीच होती. रेघ तिचीच होती, कौलांना ती जशी तिरकी छटा द्यायची तशीच दिलेली. खोडलेलं, नंतर घातलेलं, असं काही दिसत नव्हतं. तिने भिंग लावून पाहिलं. शेजारच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शेवटचं घर: पुरावा नाही.'

सकाळी ती पहिल्या बसने उत्तनला गेली. रविवार नव्हता. गल्लीत शांतता होती. वाद्यवाल्याच्या पुढे तिने पावलं मोजली. जांभळाखाली चार दगडांचं जोतं होतं आणि त्याच्या पुढचं अंगण कुणीतरी नुकतंच झाडलेलं होतं. खराट्याच्या रेघा ओल्या मातीत ताज्या दिसत होत्या.

ती बेकरीत शिरली. "गॅब्रियल, मला ते परत करायचंय. जे काय झालं असेल ते. माझं घर तिकडे आहे. माझी मुलगी आहे."

गॅब्रियल कणीक मळत होता. त्याने हात थांबवले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं. ते बघून मात्र ती खरी घाबरली.

"म्हनून रिकामी ठेवायची व्हती," तो म्हणाला. "बापूस सांगायचा, जागा भरली तर कुटंतरी रिकामी व्हते."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा तू मॅडम व्हतीस. आता घरची हायेस."

ती धावतच बसस्टॉपवर आली. मोरव्याच्या वळणावर बस बराच वेळ अडकली. ती सगळा वेळ उभी होती.

दुपारी दोनला तिने घराची बेल वाजवली. किल्ली पर्समध्ये होती, पण तिने बेल वाजवली. दार साखळीइतकंच उघडलं.

"बोला," ईश्वर म्हणाला.

तिने सांगायला सुरुवात केली. सवयीप्रमाणे क्रमाने, तारखांसकट. लग्न, गिरगाव, क्षितिजाचा जन्म, तिच्या हनुवटीवर पडलेले तीन टाके. त्याने सगळं ऐकून घेतलं. भला माणूस होता, पहिल्यापासून. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती.

"बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय. पाणी देऊ का? तुम्ही कुठच्या?"

जेसल पार्क, असं ती म्हणणार होती.

"उत्तनची," ती म्हणाली. "शेवटच्या घरातली."

आयुष्यात पहिल्यांदा ती अडखळली नव्हती.

डॉरिस तिला गल्लीच्या तोंडाशीच भेटली. तिने काही विचारलं नाही. हाताला धरून क्रूसापासून चालत नेलं. वाद्यवाल्याच्या पुढे ओटा होता, दार होतं, आत गोधडी घातलेली खाट होती. चुलीवर पाणी तापत होतं.

फेऱ्या बंद झाल्या नाहीत. रविवारी लोक येतच राहिले, फेरीच्या छापील पत्रकावर तिचा नंबर होता. फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी फोन आला.

"हॅलो, उत्तनच्या वॉकसाठी दोन जागा मिळतील का? मी आणि बाबा. जेसल पार्कहून."

मृणालिनी ओट्यावर बसली.

"हॅलो? मॅडम?"

"मिळतील," ती म्हणाली. "पत्रक कुठे मिळालं तुम्हाला?"

"आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं. कुणी आणलं कोण जाणे."

रविवारी दहा जण आले. क्षितिजाने निळा कुर्ता घातला होता, मृणालिनीनेच घेऊन दिलेला. त्या दिवशी तिने फेरी जीव ओतून केली. क्लेअरचे झगे दाखवले, कोठीतल्या चित्रांना सुकटीचा वास कसा येतो ते सांगितलं. क्षितिजा नाक आक्रसून हसली, लहानपणी हसायची तशी. हनुवटीवरच्या टाक्यांचे व्रण उन्हात दिसत होते. बेकरीत मृणालिनीने बिल्ल्यांची गोष्ट सांगितली आणि शेवटच्या खिळ्यापाशी मुद्दाम थांबली. तो बिल्ला आता घासल्यासारखा चकचकीत होता.

"ही जागा रिकामी ठेवायचे," ती म्हणाली. "कुणासाठी ते कुणालाच आठवत नव्हतं."

बोलताना ती ईश्वरकडे बघत होती. तो लक्षपूर्वक ऐकत होता.

फेरी संपल्यावर सगळे डॉरिसकडे चहाला बसले. कोपऱ्यातल्या टेबलाशी ते दोघं होते. तीन खुर्च्या.

"तीन चहा," क्षितिजाने सांगितलं. "दोन नेहमीचे. तिसऱ्यात साखर नको, आलं जास्त."

डॉरिसने कप आणून ठेवले. तिने मृणालिनीकडे पाहिलं नाही.

मृणालिनी टेबलापाशी गेली. आता बसावं, तो कप उचलावा, एक घोट घ्यावा. मग कळेल त्यांना. तिने खुर्ची ओढायला हात पुढे केला.

क्षितिजाने चटकन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सॉरी काकू. ही आम्ही रिकामी ठेवतो."

"कुणासाठी?"

क्षितिजाने बाबाकडे पाहिलं. ईश्वर जरासा ओशाळला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण ठेवतो."

दोघांनी आपापला चहा संपवला. तिसऱ्या कपावर साय धरली होती. निघताना क्षितिजाने तो कप टेबलाच्या कडेवरून आत सरकवला, कुणाचा धक्का लागून सांडू नये म्हणून.